नाना गावाला गेले

नाना अम्पेम ब्रेफो दुसरे. अडुकुमाच्या काळ्या स्टूलाचे आठवे अधिपती. अन्सुरी नदीचे आणि तिच्या दोन्ही काठांचे धनी. ज्यांचं पाऊल भुईला लागत नाही, ज्यांचा आवाज सभेला ऐकू जात नाही आणि ज्यांना घास घेताना कुणी पाहिलेलं नाही, असे. पोरक्यांची सावली, वैऱ्यांच्या घशातला काटा, सर्व खेड्यापाड्यांचे तारणहार. बांधा मध्यम, केस पिकलेले, उजव्या भुवईवर जुना व्रण. सध्याचा मुक्काम कुमासी शहरात, एका सुपरमार्केटच्या मागच्या गेटवर, पाळी सकाळची.

यात खोटं काही नाही. राजाचं अनवाणी पाऊल भुईला लागलं की त्याचं राजेपण संपतं, ही आमच्याकडची रीत; सिक्युरिटी कंपनीने दिलेले बूट जाड तळव्यांचे होते आणि पाळी संपेपर्यंत ते काढायला मनाई होती, त्यामुळे रीत आपोआप पाळली जायची. घास घेताना कुणी पाहू नये म्हणून नाना दुपारी जनरेटरच्या खोलीमागे जात आणि भिंतीकडे तोंड करून मक्याच्या आंबवलेल्या पिठाची केंकी आणि तळलेले मासे खात. सुपरवायझरचं मत असं की हा माणूस डब्यातलं कुणाला द्यावं लागू नये म्हणून लपतो. नानांनी ते मत कधी खोडून काढलं नाही. राजाने वाद घालायचा नसतो.

राजाने भांडायचंही नसतं, ओझं उचलायचं नसतं आणि कुणी अंगावर हात टाकला तर राज्याला दोष लागतो. या तिन्ही गोष्टी गेटवर सांभाळणं कठीण होतं. पण सोबतीला अबुग्री होता. अबुग्री उत्तरेचा, बोल्गाकडचा. धिप्पाड आणि मोठ्या आवाजाचा. नाना राजे आहेत हे अख्ख्या सुपरमार्केटात एकट्या त्यालाच माहीत होतं आणि त्याला त्याची फार मौज वाटायची. गाडी आली की तो म्हणायचा, "राजे, दार उघडा. प्रजा आली." गिऱ्हाईक अंगावर धावून आलं की मात्र तो स्वतः पुढे व्हायचा. आमच्या लोकांत वाढला असता तर याच कामासाठी त्याला दरबारात मान मिळाला असता. इथे त्याला जास्तीची पाळी मिळायची.

आता कुणी विचारील, राजा गेटवर कशाला उभा राहतो? तर राजाला पगार नसतो. स्टूल म्हणजे स्टूलच, लाकडी, मधे बाक असलेलं. इतर देशांतली सिंहासनं म्हणे हलवताही येत नाहीत; आमचं आसन एका माणसाला काखेत मारून नेता येईल इतकं हलकं असतं, आणि न्यायला टपलेले पुष्कळ असतात. अडुकुमाच्या स्टूलाच्या जमिनी मागच्या दोन राजांनी विकून खाल्ल्या. उरलं होतं ते नदीकाठचं रान, ज्यात आधीचे सात राजे पुरले होते. रानाला भाव नव्हता म्हणून ते उरलं.

नाना हा राजाचा किताब; त्यांचं स्वतःचं नाव क्वाकू अनिम. राजमाता सेरवा ही त्यांची थोरली मावशी. राज्य आमच्याकडे आईच्या रक्ताने चालतं आणि राजा कोण ते राजमाता ठरवते. तिने अनिमचं नाव घेतलं तेव्हा सेनापती ड्वोमो चटकन हो म्हणाला. सेनापतीजवळ सैन्य नसतं, पण राजाच्या खालोखाल त्याचाच शब्द. त्याचा हिशेब सरळ होता: माणूस शहरात नोकरी करतो, अडाएच्या सणाला येईल, छत्रीखाली बसेल, जिथे सांगू तिथे सही करील आणि संध्याकाळच्या ट्रोट्रोने, म्हणजे वडापच्या गाडीने, परत जाईल. दहा वर्षं हा हिशेब बरोबर निघाला.

मग नदीकाठी सोनं निघतं असं कुणाला तरी कळलं.

राजे आता कशाला हवेत, असा प्रश्न शिकलेली माणसं रेडिओवर अधूनमधून विचारतात आणि त्यावर तासतासभर बोलतात. उत्तर एका शब्दाचं आहे: सहीसाठी. सरकार बदलतं, आमदार बदलतो, पण जमीन स्टूलाची असते, आणि स्टूलावर बसलेल्याने सही केल्याशिवाय पोकलेन नदीत उतरत नाही. म्हणजे उतरतं, पण मग पोलिसांना सांभाळावं लागतं आणि ते महाग पडतं. सही स्वस्त.

सोनं धुणारे लोक कागद घेऊन आले तेव्हा सभा भरली. राजा सभेत स्वतः बोलत नाही. तो हळूच पुटपुटतो आणि शेजारी काठी धरून उभा असलेला ओच्यामे ते सभेला सांगतो. ओच्यामे म्हणजे राजाचं तोंड. राजाचं वाक्य फाटकं असलं तरी ते ठिगळ लावून, इस्त्री करून सभेपुढे मांडायचं, हे त्याचं काम. ओच्यामे साफो या कामात फार नाणावलेला होता.

"नको म्हणावं," नाना पुटपुटले.

साफो त्यावर बराच वेळ बोलला. नदी ही स्टूलाची आई असून आईच्या पोटात लोखंड घालणाऱ्याचं तोंड नानांना पाहवत नाही, असा त्याचा सारांश होता. ड्वोमोने साफोमार्फतच विचारलं की नानांना नेमकी अडचण काय आहे.

"पावती नाही त्यांच्याकडे," नाना म्हणाले. गेटवर इतकी वर्षं काढल्यावर त्यांना दुसरा शब्द सुचला नाही.

"नाना म्हणतात, पूर्वजांची अनुमती दिसत नाही," साफोने सांगितलं.

नाना काही शूर नव्हते. नदीचा त्यांना पुळका होता असंही नाही. लहानपणी त्या पाण्यात पोहले होते, इतकंच. पण पहारा करणाऱ्या माणसाला एक गोष्ट नीट येते, ती म्हणजे नाही म्हणून उभं राहणं. ते त्यांनी केलं. पुढच्या अडाएला पुन्हा केलं, त्याच्या पुढच्याला पुन्हा. ड्वोमोची पंचाईत अशी की राजाला स्टूलावरून उठवायला आरोप लागतो. नाना पीत नव्हते. त्यांनी जमीन विकली नव्हती, कुणाच्या बायकोला हात लावला नव्हता. इतक्या निकामी राजाला काढायचं कसं, हे कुणालाच कळेना.

पुढे जे झालं त्यात ड्वोमोचा कट होता असं पुष्कळ लोक मानतात. तसं मानणं सोपं आहे. खरं कारण अबुग्री.

आमच्याकडे राजा मरत नाही. मरण हा शब्द राजाच्या नावाशेजारी ठेवायचा नसतो. ठेवला तर पूर्वी डोकं जायचं, आता मेंढ्या जातात. राजा गावाला जातो. लोक एवढंच म्हणतात, "नाना गावाला गेले", आणि बायका डोक्यावरचं फडकं सोडतात. म्हणून खराखुरा राजा खरोखरीच्या गावाला गेला, तर आमचा माणूस सांगताना जपतो. नाना शेतावर आहेत म्हणतो, सासुरवाडीला आहेत म्हणतो, बाहेर पडलेत म्हणतो. पोरासोरांनाही हे शिकवावं लागत नाही. अबुग्री आमची भाषा बाजारात शिकला होता, आणि बाजारात राजे मरत नाहीत.

नानांच्या सासऱ्याचा पाय मोडला होता आणि कोकोच्या शेंगा झाडावर सडायला लागल्या होत्या. नाना रजा टाकून बायकोसह तिकडे गेले. तिकडे फोन लागत नाही. अडाएचा सण जवळ आला होता, म्हणून साफोने नानांना फोन केला, तो लागेना, तेव्हा त्याने गेटवरच्या चौकीचा नंबर फिरवला. फोन अबुग्रीने उचलला.

"नाना आहेत का?"

"नाना गावाला गेले."

मग साफोने विचारलं, "कधी?"

"परवा. पहाटेच."

"फार त्रास झाला का?"

"कसला त्रास? पाऊस होता जरा. बायको होती ना बरोबर."

"आणि... आता?"

"आता काय, माझी डबल ड्यूटी," अबुग्री म्हणाला.

साफोला आणखी विचारता आलं असतं. पण ज्या शब्दाने विचारायचं तो शब्द उच्चारायची त्याला बंदी होती, आणि तीस वर्षं दुसऱ्याच्या वतीने बोललेल्या माणसाच्या तोंडून नेमका स्वतःचा प्रश्न लवकर निघत नाही. तो उठला, काठी आडवी ठेवली आणि राजमातेकडे गेला. संध्याकाळच्या आत राजमातेने डोकं भादरलं. वाड्याच्या दाराला माडाची झावळी बांधली गेली, नगारे पालथे झाले, दरबारातली नानांची खुर्ची एका अंगावर कलती करून ठेवली.

ड्वोमोने साफोला विचारलं, खात्री केलीस का म्हणून. साफो म्हणाला की खात्री करायचा तो शब्द सेनापतींनी आपल्या तोंडाने काढावा, तो लगेच फोन लावून देतो. ड्वोमोने काढला नाही. राजाचं शव इतर कुणी पाहायचं नसतं, ते रानाच्या राखणदारांचं काम. तेव्हा राखणदारांनी येऊन विचारलं, शव कुठाय. ड्वोमो म्हणाला, शहरात सगळी व्यवस्था झालेली आहे. कट म्हणायचाच असेल तर तो एवढ्या एका वाक्यात मावतो. त्याच आठवड्यात क्वाजो आसारेचं नाव पुढे आलं. तोही राजमातेच्याच रक्ताचा, दूरचा भाचा. सोनं धुणाऱ्यांना डिझेल पुरवायचा.

नाना सासुरवाडीहून बायकोला कुमासीच्या गाडीत बसवून स्वतः परस्पर अडुकुमाला निघाले, सण गाठायला. अंगावर सणाचं कापड होतं, पायांत चामड्याच्या चपला. स्टँडवर उतरले तेव्हा संत्री सोलत बसलेल्या बाईने मान वर केली आणि तिच्या हातून सुरी पडली. ती संत्री तिथेच टाकून घरांच्या मागे निघून गेली. चहाच्या टपरीवर बसलेले दोघे उठून पाठमोरे उभे राहिले. सगळीकडे लाल आणि काळी कापडं. नानांना आधी वाटलं, राजमाता गेली. मावशीसाठी त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्यांनी पाय उचलला.

वाड्याच्या दारावरची झावळी पाहून ते थबकले. झावळी राजासाठीच बांधतात.

आत सभा बसलेली होती. राजा उभा आणि सरदार बसलेले, असं दृश्य अडुकुमाच्या दरबारात पूर्वी कुणी पाहिलेलं नव्हतं. कुणी उठलं नाही. नानांनी आपली कलती खुर्ची पाहिली, मग सगळ्यांकडे पाहिलं, मग साफोकडे. साफोची काठी त्याच्या पायांशी आडवी होती.

"साफो," नाना नेहमीच्याच आवाजात म्हणाले, म्हणजे जेमतेम साफोपर्यंत पोचेल अशा. "सांग यांना. मी आहे म्हणावं."

साफोने काठीकडे पाहिलं. ती उचलायची, उभी करायची आणि एक वाक्य बोलायचं, एवढंच काम होतं. पण त्या वाक्याच्या मागून दुसरं वाक्य आपोआप येणार होतं: मग नाना गेल्याची बातमी आणली कोणी? जिवंत राजाला गेला म्हणणाऱ्याचं घर मोडतात, शेत काढून घेतात आणि त्याला वेशीबाहेर घालवतात. त्याच्या वंशाला पुन्हा काठी मिळत नाही. साफोच्या घरात काठी पाच पिढ्या होती. थोरल्या मुलाला त्याने नुकतंच शिकवायला घेतलं होतं.

"साफो, बोल की."

साफो बोलला नाही. दहा वर्षांत पहिल्यांदाच नानांचं वाक्य नानांच्याच गळ्यात राहिलं. तेव्हा नाना स्वतः बोलले.

"अहो, मी जिवंत आहे. हा काय उभा आहे तुमच्यासमोर."

आवाज बारीक निघाला, थोडा चिरका. सभेतल्या पुष्कळांनी तो पूर्वी ऐकलेलाच नव्हता. त्यांना तो ओळखीचा वाटायचं कारण नव्हतं. ड्वोमोने मान वळवली, पण नानांकडे नाही.

"साफो," त्याने विचारलं, "सभेत कुणी काही बोललं का?"

अंगणात एक कोंबडी फिरत होती. तिला हाकलायलाही कुणी हललं नाही.

"माझ्या कानावर काही आलं नाही," साफो म्हणाला.

झालं. ओच्यामेच्या कानावर जे येत नाही ते सभेत बोललं गेलेलं नसतं. ड्वोमो आता नानांकडे वळला आणि परक्या माणसाशी बोलावं तसं अगदी मायेने बोलला.

"कुठून आलास बाबा? घरात सुतक आहे, म्हणून उठून स्वागत करता आलं नाही. पाणी पी आणि जा, ऊन आहे."

पाणी आणून दिलं. ते नदीचं होतं, अजून स्वच्छ. नाना ते प्यायले, सर्वांच्या देखत.

इथून पुढे त्यांना नाना म्हणता येत नाही. रीत तशी आहे. म्हणून क्वाकू अनिम.

मागच्या दाराने एका बाईने अनिमला राजमातेकडे नेलं. म्हातारी चटईवर बसली होती, तुळतुळीत डोक्याची, तोंडाला माती फासलेली. तिने त्याला बसायला सांगितलं. खाली, चटईवर.

"क्वाकू," ती म्हणाली. दहा वर्षांत तिने त्याला नावाने हाक मारली नव्हती.

"मावशी, मी तुम्हाला दिसतोय ना?"

"दिसतोयस की. मोतीबिंदू आहे मला, आंधळी नाही झाले."

"मग त्यांना सांगा."

"काय सांगू? की जित्या राजासाठी मी डोकं भादरलं? उपास धरला, मेंढा कापला, मातीत लोळले? हे बघ माझं डोकं. यावर केस परत चिकटवता येतील का तुला?"

"केस वाढतील."

"स्टूलाला लागलेला दोष नाही रे जात. जित्या राजाचं सुतक धरलं की तो दोष फेडायला काय लागतं ते तुला ठाऊक आहे. पूर्वी माणूस देऊन फेडायचे. आता पोलीस येतात." तिने तोंडावरची सुकलेली माती नखाने खरवडली. "म्हणून मग एकच वाट राहते, बाळा. सुतक खरं असायला पाहिजे."

त्याने नदीचं काय असं विचारलं. म्हातारी म्हणाली की नदी तो होता तोवर होती. उठताना तिने केळीच्या पानात बांधलेली भाजकी केळी आणि शेंगदाणे त्याच्या हातात दिले.

"तुला नोकरी आहे," ती म्हणाली. "पुष्कळांना तीही नसते. जा, गाडी चुकेल."

ट्रोट्रोत तो खिडकीशी बसला. शेजारी मेंढी घेऊन एक माणूस होता, समोर शाळेतल्या मुली. त्याने पान सोडलं आणि केळं खाल्लं, सगळ्यांसमोर, सावकाश. कुणी पाहिलंही नाही.

तो गप्प बसला असं नाही. रजेचे उरलेले दिवस त्याने सरकारी कचेऱ्यांत घालवले. राजांची नोंद ठेवणाऱ्या कचेरीतला अधिकारी सज्जन होता. त्याने पंखा अनिमच्या दिशेने वळवला आणि सांगितलं की अडुकुमाहून राजमाता, सेनापती आणि ओच्यामे यांच्या अंगठ्याच्या ठशांनिशी कळवण्यात आलेलं आहे, आणि राजा आहे की नाही हे सांगायचा अधिकार फक्त याच तिघांना आहे.

"पण मी मेलो नाही," अनिम म्हणाला.

"तुम्ही मेलात असं कोण म्हणतंय?" अधिकाऱ्याने ओळखपत्र उलटसुलट करून पाहिलं. "तुम्ही क्वाकू अनिम. तुमची प्रकृती उत्तम आहे. गेले ते नाना अम्पेम ब्रेफो. त्यांच्या वतीने तक्रार द्यायची तर ती त्यांच्या ओच्यामेने दिली पाहिजे."

त्याने राजांच्या न्यायमंडळाकडे दाद मागायचा मार्गही समजावून सांगितला. तिथे बाजू मांडायला वारसांपैकी कुणीतरी लागतं. वारस क्वाजो आसारे होता.

पोलिसांकडे गेल्यावर त्यांनी विचारलं, धमकी दिली का? मारलं का? काही चोरलं का? अनिमने प्रामाणिकपणे सांगितलं की पाणी दिलं.

बायकोला, आडवोआला, हे सगळं सांगितलं तेव्हा तिने भांडी घासता घासता ऐकून घेतलं. ती रागावली नाही. दहा वर्षं तिने राजाची बायको होऊन काय मिळवलं होतं, तर दर सणाला पाहुण्यांची उसाभर आणि नवऱ्याचं ताट दार लावून वाढायची कटकट. "बरं झालं," ती म्हणाली. "आता जेवायला माझ्यासमोर बस." तो बसला. पण त्याला कुणासमोर चावता येईना. घास तोंडात धरून तो भिंतीकडे बघत राहिला, तेव्हा तिने काही न बोलता आपलं ताट उचललं आणि ती बाहेर ओट्यावर जाऊन जेवली.

गेटवर अबुग्रीला सगळा प्रकार कळायला दोन दिवस लागले. कळल्यावर तो त्या दिवशी कुणावर ओरडला नाही.

"मी काय बोललो?" त्याने विचारलं. "गावाला गेले म्हणालो. गेला होतास ना गावाला?"

"गेलो होतो."

"मग मी खोटं काय बोललो? आमच्याकडे माणूस मेला तर मेला म्हणतात. गावाला गेला तर गावाला गेला म्हणतात. तुमच्या लोकांना एवढं साधं येत नाही?"

"तू बरोबरच बोललास."

"मी येतो तुझ्यासोबत. उभा राहतो त्या सभेत आणि सांगतो."

"तुझं ऐकायला आधी त्यांना मी दिसायला पाहिजे," अनिम म्हणाला.

अबुग्रीने त्याला पुन्हा राजे म्हटलं नाही. तेवढा एकच जण म्हणत होता.

क्वाजो आसारे पावसाळ्याआधी स्टूलावर बसला. त्याचं नवं नाव रेडिओवर सांगितलं गेलं. त्याची पहिली सही लोकांसमोर झाली, छत्रीखाली, नगाऱ्यांच्या गजरात, आणि त्याच वेळी पोकलेनचे ट्रेलर वेशीबाहेर उभे होते, असं ऐकलेलं आहे.

जुन्या राजाचा शेवटचा निरोप मात्र घाईने देत नाहीत. त्याला कोकोचा हंगाम आटपावा लागतो, लोकांच्या हातात पैसा खेळावा लागतो. तो आटपल्यावर एका गुरुवारी दुपारी सुपरमार्केटच्या मागच्या गेटला भाड्याचा ट्रक लागला. हमालांनी ढकलगाड्यांवरून माल आणला: तांदळाची पोती, टोमॅटोचे डबे, माल्ट पेयाच्या पेट्या, पूर्वजांना ओतायची जिन आणि पाण्याच्या बाटल्यांच्या पेट्या, एकीवर एक रचलेल्या, माणसाच्या डोक्याहून उंच. ट्रकच्या सावलीत लाल-काळ्या कापडात साफो उभा होता. तो वाळला होता.

मागच्या गेटने मोठा माल जाताना गार्डाने विचारायचं असतं की माल कुणाच्या नावावर. उत्तर मोठ्याने द्यायचं असतं, म्हणजे चौकीतला माणूस लिहून घेतो. चौकीत अबुग्री होता. मागे आणखी दोन गाड्या थांबल्या होत्या. अनिमने पावती पाहिली, पेट्या मोजल्या.

"माल कुणाच्या नावावर?"

साफोने इकडे तिकडे पाहिलं. बिलावर नाव सुटसुटीत लिहिलेलं होतं, ते वाचून दाखवलं असतं तरी भागलं असतं. पण राजाचं नाव तोडून घ्यायचं नसतं, आणि त्याला दुसरं काही शिकवलेलंच नव्हतं. त्याने कापड सारखं केलं, मान उचलली आणि दरबारातला आवाज लावला. नाना अम्पेम ब्रेफो दुसरे, काळ्या स्टूलाचे आठवे अधिपती, इथपासून सुरुवात करून त्याने एक बिरुद गाळलं नाही. हमाल थांबले. मागच्या गाडीवाल्याने हॉर्न वाजवला. साफोने ते पुरं केलं आणि शेवटी म्हणाला, "ते गावाला गेले. त्यांच्या निरोपाचा माल आहे."

"लिहून घे," अनिमने चौकीकडे न पाहता सांगितलं.

अबुग्रीने लिहून घेतलं की नाही, कळायला मार्ग नाही. तो खाली मान घालून बसला होता.

अनिमने पाण्याच्या पेट्यांवर हात ठेवला. पुढचा प्रश्न गार्डाने विचारायचा नसतो. "एवढं पाणी कशाला?"

"नदीचं कुणी पीत नाही आता," साफो हळू म्हणाला. "गुरंसुद्धा तोंड लावत नाहीत. नुसता चिखल वाहतो, पिवळा."

"आणि रान?"

"रान मागच्या महिन्यात काढलं. हाडं निघाली. गोणीत भरून सेनापतींच्या कोठारात ठेवलीत. कुठे पुरायची ते ठरायचंय अजून."

"कुणी काही बोललं नाही?"

हॉर्न पुन्हा वाजला. अनिमने पावतीवर शिक्का मारला, गेट उघडलं, आणि ट्रक बाहेर पडेपर्यंत फळी धरून उभा राहिला.

अडुकुमाहून कुमासीला येताना वाटेत पाणी विकणारी दुकानं पुष्कळ लागतात, तरी साफो इथवर आला. या सुपरमार्केटात त्या आठवड्यात तीन पेट्यांवर एक पेटी फुकट होती.